बडीशेपेच्या ताटलीतले दहा रुपये

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

वही नवीन, पेन जुनं, आणि गल्ल्यावरची खुर्ची माझ्या वयापेक्षाही जुनी. आजपासून तिच्यावर मी. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने पायऱ्या चढायच्या नाहीत असं बजावलंय, आणि आमच्या हॉटेलला रस्त्यापासून नेमक्या सहा पायऱ्या आहेत. म्हणून मी, मयुरी, वय एकतीस, नागपुरात एका सीएच्या ऑफिसात सात वर्षं दुसऱ्यांची विवरणपत्रं भरणारी, बिनपगारी रजा टाकून नागभीडला परत आले आहे.

हॉटेल म्हणजे साधं भोजनालय. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर, नऊ टेबलं, सकाळी अकरा ते दुपारी चार. बाबांना सगळं गाव नानाजी म्हणतं, त्यामुळे हॉटेलही ‘नानाजीकडे’. पाटीवर दुसरंच नाव आहे, पण ते आमच्याही लक्षात राहत नाही. वरकामाला दोघी-तिघी येऊन जातात, पण हॉटेल उभं आहे ते दोन माणसांवर. बाहेर लच्छूभाऊ, वय अठ्ठावन्न. वाढणारे, पुसणारे, हसवणारे तेच. तरुणपणी वीस वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं केली. आवाज अजून तोच, माईक लागत नाही. आत नीलाबाई, कुरखेड्याकडच्या गोंड घरातल्या, अकरा वर्षं आमच्या चुलीवर. मागच्या दाराने येतात, मागच्या दाराने जातात. गिऱ्हाइकांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर मीही नीट पाहिलेलं नाही.

बाबा पलंगावरून म्हणाले, “पैशाचं तुले सांगाची गरज नाई. पन दिवाळीनंतर नाटकाचा सीझन लागते. वडसाच्या कंपनीवाल्यानं लच्छूले बलावलं म्हंतेत. थो गेला तं मंग हॉटेलले कुलूपच लाव.”

म्हणजे काम एकच. लच्छूभाऊंना जाऊ द्यायचं नाही. एवढं तर मला जमेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तीन दिवस मी फक्त बडीशेपेच्या ताटलीकडे पाहते आहे. तिच्यात बिल जातं, तिच्यात पैसे येतात, आणि शेवटी तिच्यात काहीतरी राहतं किंवा राहत नाही. नागपूरला मी हजारभर लोकांची मिळकत पाहिली, पण ती कागदावर. इथे माणूस डोळ्यांसमोर ठरवतो, द्यावं की न द्यावं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला तर नादच लागला.

एकटा जेवणारा माणूस हमखास दहा रुपये ठेवतो. चार मित्र मिळून पाचसुद्धा ठेवत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने ठेवले. एक साहेब नोट उचलतात आणि नाणी सोडतात, तेही एकेक नाणं बोटाने दूर ढकलत. फोनवरून पैसे देणारा कधीच काही ठेवत नाही. तो चिकट असतो असं नाही. त्याला सुट्टे परतच येत नाहीत, मग ठेवणार काय?

लच्छूभाऊंच्या दोन सवयीही टिपून ठेवते. बिल देताना ते विचारतात, “काय आवडलं जी?” आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाहीत. कुणी ‘सगळंच’ म्हणालं तर म्हणतात, “सगळं नाई जी, एक सांगा.” यात दर टेबलामागे मिनिट-दीड मिनिट जातं. दुसरी सवय पाण्याची. टीप उचलली की ते मागे स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितात. आज मी मोजलं, नऊ वेळा. या वयात इतकी तहान बरी नाही. साखर तपासून घ्या म्हणून सांगायला हवं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आमच्या नागपूरच्या ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेची बातमी टाकली. तिकडे टिपेच्या कमाईवर करात सूट मिळाली आहे म्हणे. मी तासभर त्याच विचारात होते. वेटरचा कर वाचला हे गिऱ्हाइकाला कळलं तर तो टीप कमी करेल का? की मालक म्हणेल, तुला टीप सुटते, मग पगार कशाला वाढवू? कायदा होतो एका जागी आणि हात आखडतो भलत्याच जागी. हे कुणी ताटलीजवळ बसून पाहिलं असेल का?

लच्छूभाऊंना विचारलं, “टिपेवर टॅक्स लागते हे माहीत हाय का तुमाले?”

“कोनाले लागते?”

“तुमालेच. थे तुमचं उत्पन्न हाय. आता तेवढं होत नाई म्हणून भरा लागत नाई, थे वेगळं.”

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “लागू द्या ना बाई. टॅक्स भरन्यावानी टीप भेटली तं मी बँड लावून टॅक्स भराले जाईन.”

हसलो आम्ही, पण मुद्दा माझ्या लक्षात आला. माणूस वडसाला का जाईल? कारण इथे आज दहा मिळतात, उद्या शून्य. त्याला ठरलेलं मिळालं तर तो थांबेल. बिलातच पाच टक्के सेवा शुल्क लावायचं आणि ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. फोनवाले सुटणार नाहीत, चौघे मित्र सुटणार नाहीत. एकच मेख आहे. हातात दिलेल्या टिपेवर जीएसटी नाही, पण सेवा शुल्क बिलात घातलं की त्याच्यावरही जीएसटी लागतो. शंभराच्या जेवणावर पाच रुपये शुल्क, आणि त्या पाचांवर सरकारचे पंचवीस पैसे.

पंचवीस पैशांनी कुणाचं काय अडतंय?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आजपासून सुरू. बाबांनी विचारलं, “गिऱ्हाइकावर जबरदस्ती चालते का?” चालत नाही. म्हणून बिलाच्या तळाशी ‘ऐच्छिक’ असं छापलं आहे, जरा बारीक अक्षरात. बाबांनी बिल डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि न वाचताच परत दिलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज पोंभुर्ण्याचे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक आहेत, महिन्यातून एकदा मुलीकडे जाताना आमच्याकडे जेवतात, आणि ताटलीत वीसची नोट न चुकता ठेवतात. बाबा म्हणतात, नऊ वर्षांत कधी चुकलं नाही. आज त्यांनी बिल दोनदा वाचलं आणि गल्ल्यावर आले.

“हे सेवा शुल्क लच्छूचं का?”

हो म्हटलं.

“अन् त्याच्यावर हा टॅक्स?”

नियमच तसा आहे म्हटलं.

“जेवणावरचा टॅक्स मले समजते. पन लच्छूनं मले पानी वाढलं, हालहवाल विचारली, त्याच्यावर कायचा टॅक्स? सरकारनं कुठी पानी वाढलं?”

मी कलम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळे पैसे दिले, आणि ताटली रिकामी ठेवून निघून गेले. त्यांच्या बिलात शुल्क होतं नऊ रुपये आणि त्यावरचा कर पंचेचाळीस पैसे. म्हणजे माणूस वीस हसत द्यायचा, तो साडेनऊ चिडून देऊन गेला!

चार दिवसांत ताटलीत एक रुपया आलेला नाही. सगळे म्हणतात, “बिलात हाय ना.” पण एकूण बेरीज आधीपेक्षा जास्त आहे, म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. गुरुजींनी जाताना लच्छूभाऊंकडे वळूनही पाहिलं नाही, ते मात्र मला लागलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. नागपूरहून गडचिरोलीकडे घरी जाणारे लोक पायऱ्यांवर ताटकळत होते, आणि लच्छूभाऊ आपले एका टेबलाशी उभे, “एक सांगा जी, काय आवडलं?” मी त्यांना बाजूला घेतलं आणि हे बंद करा म्हणून सांगितलं. टीप आता बिलातून येते, मग विचारायचं कशासाठी?

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. “मंग मागं काय सांगू?”

“मागं म्हंजे?”

“काई नाई जी.”

दुपारभर कामाचा वेग छान राहिला. आणखी एक चांगली गोष्ट, त्यांचं ते सारखं पाणी पिणंही बंद झालं. साखर नसावी.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज शुल्काचे पहिले लिफाफे वाटले. लच्छूभाऊंना एक, वरकामाच्या बायकांना, आणि नीलाबाईंनाही. त्यांना आजवर टीप कधी मिळाली असेल? चुलीसमोर कोण नोट ठेवणार? हा अन्याय मी दूर केला, म्हणून मनात थोडी फुशारकी होती. स्वतः आत जाऊन लिफाफा त्यांच्या हातात दिला.

नीलाबाई भाताची पेज गाळत होत्या. हात पुसून लिफाफा घेतला, उघडला नाही. “हे कोन देल्ले?”

“सगळ्या गिऱ्हाइकांनी. पाच टक्क्याचे हाय.”

“काऊन देल्ले?”

का दिले म्हणजे? नियम आहे म्हणून, असं सांगितलं. त्यांनी लिफाफा फळीवर ठेवला आणि पुन्हा भाताकडे वळल्या. थँक्यू वगैरे सोडा, साधं हसल्याही नाहीत. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

शिवाय हल्ली त्यांचा हात बिघडलाय. वांग्याच्या भाजीत परवा मीठ जास्त, आज कमी. भात मऊ होतोय. पन्नाशीला आल्या असतील, डोळे तपासायला हवेत. माझ्याकडे सगळ्यांचीच तपासणी निघते आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

शुल्क रद्द केलं. रोज गल्ल्यावर वाद, आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द आता भिंग न लावताही सगळ्यांना दिसू लागलाय. आज सकाळी दुसरा प्रयोग सुरू केला. गल्ल्यामागे पाटी लावली: ‘टीप थेट वाढणाऱ्याच्या हातात द्या. तिच्यावर जीएसटी नाही.’

लोक पाटी वाचतात, आवडीने वाचतात. एक जण फोटो काढून गेला. टीप दिली नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

आज जे झालं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. प्रफुलशेठ म्हणून खडीचे ठेकेदार आहेत. पाच माणसं घेऊन आले, मटण खाल्लं, बिल झालं अठराशे चाळीस, वर कर ब्याण्णव. माझ्याकडे झुकून म्हणाले, “बिल हजाराचं बनव. बाकीचे आठशे चाळीस लच्छूची टीप दाखव. तूच तं लिवलं टिपेवर टॅक्स नाई म्हून.”

बेचाळीस रुपये वाचवायला मटण टिपेत घालायचं! मी सात वर्षं टॅक्सच्या पळवाटा पाहिल्या, पण रश्शाची पळवाट पहिल्यांदाच पाहिली. नाही कसं म्हणावं याचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात लच्छूभाऊंनी शेठनी टिपेचे म्हणून टेबलावर वेगळे ठेवलेले आठशे चाळीस उचलले. खुर्चीला धरून ताठ उभे राहिले आणि तो नाटकातला आवाज काढला.

“मंडळीऽऽ! नागभीडचे दानशूर प्रफुलशेठ यांच्याकडून लच्छूले आठशे चाळीस रुपये बक्षीस!”

नऊ टेबलांनी टाळ्या वाजवल्या. एक जण शिट्टी मारून उठला. प्रफुलशेठ हसले, दुसरं करणार काय? लच्छूभाऊंनी वाकून नमस्कार केला. “बक्षीस पोचलं जी. आता मटनाचे देता का?”

शेठनी पूर्ण बिल करायला सांगितलं आणि करासकट दिलं. लच्छूभाऊंनी ते आठशे चाळीस त्यातच वळते केले, एक रुपया ठेवला नाही. मी हसून हसून गल्ल्यावर डोकं ठेवलं. पण नंतर पाहिलं तर ते एकटेच कोपऱ्यातलं टेबल पुसत होते, कधीचंच स्वच्छ झालेलं. म्हणाले, “टाळ्या भेटल्या, पन कायच्या भेटल्या? असं बक्षीस मागं जाऊन कोनाले सांगू?”

वडसाची ओढ लागलीय त्यांना, दुसरं काय. मी पाटी काढून टाकली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आनंदाची बातमी आधी. लच्छूभाऊ जाणार नाहीत! आज धीर करून विचारलंच. तर ते म्हणाले, “कोन बलावलं मले? तीन वर्स झाले, कोनी फोन नाई केला. लोकायले सांगतो म्या असंच. इज्जत राह्यते.” हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर मी ज्या वडसाला घाबरत होते ते नव्हतंच. पण माणूस थांबला ना, बस.

दुसरी किरकोळ गोष्ट. नीलाबाई धान कापायला गावी जायचं म्हणाल्या. दरवर्षी जाता का विचारलं, तर म्हणाल्या, “नाई, भाऊ करते.” कधी येणार विचारलं, तर “पायू.” दोन आठवडे चालवून घेऊ म्हटलं. त्या जाताना आपला पितळी डबा सोबत घेऊन गेल्या, तेवढंच सामान होतं त्यांचं. लिफाफा मात्र फळीवरच राहिला, बहुतेक विसरल्या. पाठवून द्यायला हवा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवीन आचारी ठेवलाय. ब्रह्मपुरीचा आहे, लग्नाच्या पंगती करतो, तिखट-मीठ बेताचं. कुणाची तक्रार नाही. पण मागून भात कुणी घेत नाही. काल सहा टेबलं रिकामी, आज सात. मी ताटली पाहायची सोडून रस्ता पाहू लागले आहे.

बाबांना डबा नेला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. “नीलाबाई कुठी गेली?”

धान कापायला, म्हटलं.

“अकरा वर्सात कधी गेली नाई.” मग ताटाकडे पाहत म्हणाले, “मी तुले लच्छूचं सांगतलं. भलत्याचंच सांगतलं का मी, पोरी?”

सोमवार, १७ नोव्हेंबर

हॉटेलात आज चार गिऱ्हाइकं. लच्छूभाऊंना समोर बसवलं आणि विचारलं, नीलाबाई का गेल्या? त्यांनी आधी इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाले, “बाई, तुमाले का वाटे, मी दर खेपेले मागं पानी प्याले जातो?”

मला वाटे असंच, असं सांगितलं. साखरेचंही सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खरंच पाणी द्यावं लागलं.

गोष्ट अशी आहे. त्यांच्या नाटकात मधेच प्रेक्षकांतून बक्षीस येई. ते पुकारताना नुसता आकडा सांगून भागत नसे. कुणाच्या कोणत्या कामाचं, ते सांगावं लागे. गाण्याचं आलं तर गाणाऱ्याचं, पेटीचं आलं तर पेटीवाल्याचं, हशाचं आलं तर लच्छूभाऊंचं. ज्याच्यासाठी आलं त्याचंच, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तो नियम ते इथे घेऊन आले. म्हणून ‘एक सांगा जी’. गिऱ्हाईक म्हणालं वांगे, तर नोट नीलाबाईंची. म्हणालं, तुमची गंमत आवडली, तर नोट त्यांची स्वतःची. दहातल्या आठ वेळा ती मागेच जात होती.

“तुमचे किती राहत?” मी विचारलं.

“चहापुरते.”

“अन् हे कोनाले सांगतलं नाई तुमी?”

“कोनी विचारलं नाई जी. तुमी पानी मोजून राह्यल्या होत्या.”

मला इतकी लाज वाटली की मी उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. गाड्या जात होत्या. ताटलीजवळ बसून सगळं पाहते म्हणणारी मी, स्वयंपाकघराचं दार दहा पावलांवर होतं, तिथे गेले नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने वडसा, तिथून एसटीने कुरखेडा, पुढे टमटमने जंगलातून सात-आठ किलोमीटर. नीलाबाई भावाच्या खळ्यात धान पाखडत होत्या. बहिणीला गोंडीत काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी विसरलेला लिफाफा पुढे केला. त्यांनी मान हलवली. विसरल्या नव्हत्याच त्या.

पगार वाढवते म्हटलं. शुल्काच्या काळात तुम्हाला आधीपेक्षा जास्तच मिळत होतं, हेही बोलून गेले. सीएच्या ऑफिसची सवय, तोंडातून आकडे आधी निघतात.

त्या सूप खाली ठेवून बसल्या. कधी एवढं बोलल्या नसतील. “बाई, मी अकरा वर्स त्या चुलीसमोर बसली. बाहेर कोन जेवते, मले दिसत नाई. लच्छूभाऊ ये, नोट ठेवे, म्हने वांग्याचे. मंग मी दुसऱ्या दिवशी वांगे तसेच करो. तीन दिवस भाताचे काईच नाई आले, तं मले समजे का तांदूळ खराब आला. मंग मी पानी कमी करो.” लिफाफ्याकडे बोट केलं. “ह्याच्यात वांगे हाय का भात हाय, कसं समजू मले? मी आंधळ्यावानी शिजवत होती.”

मीठ का चुकत होतं, ते मला आत्ता कळलं. त्यांचे डोळे ठीक होते. त्यांचे डोळे मी बंद केले होते. हे मी तिथेच त्यांना म्हणाले, आणि चुकलं माझं, असंही म्हणाले. त्या उठल्या. पानाच्या द्रोणात जेवायला वाढलं, नवा तांदूळ, अंबाडीची भाजी. जेवून उठताना मी म्हटलं, “भात. भात आवडला.”

“भाजी?”

“भाजी आंबट झाली जरा.”

बहीण कपाळाला हात लावून हसली, भाजी तिची होती. नीलाबाईही हसल्या. म्हणाल्या, “खळं झालं का येतो.”

परतीच्या गाडीत एकच प्रश्न डोक्यात. टीप लच्छूभाऊंच्या हातात आली, पण ती त्यांची नव्हती, ते नुसते पोचवणारे. मग उत्पन्न कुणाचं धरायचं? आणि गिऱ्हाईक जे देत होतं त्यातले पैसे किती, निरोप किती? माझ्या पुस्तकांत निरोपावर कलम नाही. बरं आहे नाही ते.

सोमवार, १ डिसेंबर

नीलाबाई शनिवारी आल्या. पितळी डबा फळीवर आपल्या जागी. बिल पूर्वीसारखं, जेवण आणि त्याचा कर, बाकी काही नाही. लच्छूभाऊंचं ‘एक सांगा जी’ही पुन्हा सुरू.

आज लच्छूभाऊ रजेवर. काल खरंच वडसाहून फोन आला! कुणाचा तरी घसा बसला, एका प्रयोगापुरतं येता का म्हणाले. ते गल्ल्यासमोर उभे राहून मलाच विचारत होते, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, नाही गेलात तर मीच हॉटेलला कुलूप लावते. सकाळी नवा सदरा घालून गेले.

म्हणून आज वाढायला मी. तेराव्या ताटालाच हात भरून आले. आणि एक वाजता आले पोंभुर्ण्याचे गुरुजी. बिलात शुल्क नाही हे पाहून घेतलं, हूं म्हणाले. मी ताटली ठेवली, उचलली आणि पुन्हा नीट ठेवली. लच्छूभाऊ दर टेबलाशी जे सहज विचारतात ते विचारायला मला इतकं अवघड का जावं? उत्तर काय येईल ते माहीत नसतं, म्हणून असेल.

“काय आवडलं जी?”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “खरं सांगू?”

“एक सांगा.”

“वांग्यात मीठ कमी होतं.” त्यांनी ताटलीत दहा ठेवले. वीस नाही, दहा.

ती नोट घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. खोटं सांगावं असं फार वाटलं. वांगे छान झाले म्हणाले, असं सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? बाई आत्ताच तर परत आल्यात, उद्या पुन्हा गेल्या तर? मग आठवलं, त्या गेल्या कशाने ते. आत गेले, नोट चुलीजवळ ठेवली आणि म्हटलं, “वांग्याचे. पन मीठ कमी हाय म्हंतेत.”

नीलाबाईंनी पळीने रस्सा तळहातावर घेतला, चाखला, डोळे मिटून क्षणभर थांबल्या. “व्हय. कमी हाय.” पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मग नोटेची घडी करून पितळी डब्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, “गुरुजीले थांबवा. एक वाटी परत द्या.”

मी वाटी घेऊन बाहेर धावले. गुरुजी पायऱ्यांवर चप्पल घालत होते. तिथेच बसून त्यांनी वाटी संपवली. खिशातून आणखी दहा काढून माझ्या हातावर ठेवले.

मी ते घेऊन पुन्हा आत गेले. आज दिवसभरात मी अकरा वेळा मागे जाऊन पाणी प्यायले.